अमूर्त कॉमिक्स : कथेविना अनुक्रमाचा शोध

प्रस्तावना

'कॉमिक्स' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनासमोर प्रथम उभी राहते ती गोष्ट. १९६४ साली सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' आणि १९६७ साली अनंत पै यांनी आरंभिलेली 'अमर चित्रकथा' यांनी आपल्याकडील दोन-तीन पिढ्यांची या माध्यमाविषयीची धारणा घडवली. 'चित्रकथा' या प्रतिशब्दातच कथा गृहीत धरलेली आहे. चित्रे कथेच्या सेवेसाठी असतात, नायक, प्रसंग आणि संवाद यांच्याविना कॉमिक्सला अस्तित्व नाही, असे आपण सहजपणे मानत आलो. हा समज केवळ मराठी वाचकाचा नाही. अमेरिका, फ्रान्स-बेल्जियम आणि जपान या कॉमिक्सच्या तिन्ही मोठ्या परंपरा मुख्यतः कथनाच्याच परंपरा आहेत.

या पार्श्वभूमीवर 'अमूर्त कॉमिक्स' ही संज्ञा वदतोव्याघातासारखी वाटते. पात्र नाही, स्थळ नाही, घटना नाही, बहुधा शब्दही नाहीत. आहेत त्या केवळ चौकटी आणि त्यांतील आकार, रेषा, पोत व रंग. अशा रचनेला कॉमिक्स का म्हणावे? ती चौकटीत बसवलेली अमूर्त चित्रकला का नव्हे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही प्रत्यक्ष कलाकृतींच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. अमूर्त कॉमिक्सचे मोल कथेला नकार देण्यात नसून, एरवी कथेआड दडलेल्या अनुक्रमालाच आशयाचा दर्जा देण्यात आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. ही भूमिका मान्य केल्यास या प्रकारातील चांगल्या आणि सामान्य कृतींमध्ये भेद करण्याची एक कसोटीही हाती येते.

संज्ञा आणि तिची व्याप्ती

तुरळक प्रयोगांच्या रूपात हा प्रकार बराच आधीपासून अस्तित्वात होता. त्याला स्वतंत्र प्रकार म्हणून ओळख मिळाली ती प्रामुख्याने २००९ साली. त्या वर्षी कलेतिहासकार आणि स्वतः अमूर्त कॉमिक्स रचणारे आंद्रेई मोलोट्यू यांनी संपादित केलेला 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट कॉमिक्स' हा संग्रह अमेरिकेतील फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. संग्रहाच्या उपशीर्षकात १९६७ ते २००९ असा कालखंड दिलेला आहे. त्याचा आरंभबिंदू म्हणजे रॉबर्ट क्रम्ब यांची 'झॅप कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातील रचना होय. हा अंक १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे प्रकाशित झाला. त्या रचनेच्या लांबलचक शीर्षकातच अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकलेची थट्टा आहे. ज्या प्रकाराला पुढे गांभीर्याने घेतले गेले, त्याच्या संग्रहाचा प्रारंभ विडंबनाने व्हावा, ही बाब लक्षणीय आहे. क्रम्ब यांच्या चौकटींत ओळखीच्या वस्तूंचे आणि अवयवांचे अवशेष दिसतात, परंतु ते कोणत्याही घटनेत जुळून येत नाहीत. कॉमिक्सचे सगळे बाह्य सोपस्कार पाळायचे आणि गोष्ट मात्र सांगायची नाही, असा तो खेळ आहे.

मोलोट्यू यांनी आपल्या प्रस्तावनेत संज्ञेची व्याप्ती दुहेरी ठेवली. केवळ अमूर्त प्रतिमांनी घडलेली क्रमबद्ध रचना हा पहिला प्रकार. ओळखता येणाऱ्या प्रतिमा असूनही ज्यांतून सुसंगत कथा किंवा एकसंध अवकाश उभा राहत नाही, अशी रचना हा दुसरा. फ्रेंच अभ्यासक थिएरी ग्रोन्स्टीन यांनी २०११ सालच्या कॉमिक्स आणि कथन यांविषयीच्या ग्रंथात या दोहोंची फारकत केली. पहिल्यालाच अमूर्त म्हणावे आणि दुसऱ्यासाठी 'कथनाच्या पातळीखालील' अशा अर्थाची वेगळी संज्ञा योजावी, असे त्यांचे मत आहे. प्रस्तुत लेखकाला ही फारकत आवश्यक वाटते. विसंगत मूर्त प्रतिमा शेजारी ठेवल्या की वाचकाच्या मनात कोडे सोडवण्याची प्रक्रिया सुरू होते. केवळ आकार शेजारी ठेवले की वेगळीच प्रक्रिया सुरू होते. दोन्ही प्रक्रिया एकाच नावाखाली आणल्यास दुसरीचे वैशिष्ट्य झाकले जाते. क्रम्ब यांची रचनाही या निकषाने काटेकोर अर्थाने अमूर्त ठरत नाही. तिला पूर्वसूरीचे स्थान द्यावे, आदर्शाचे देऊ नये.

पूर्वपीठिका

या प्रकाराची मुळे कॉमिक्सच्या इतिहासापेक्षा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोपीय कलाचळवळींत अधिक स्पष्टपणे दिसतात. तेथील तीन उदाहरणे परस्परांशी ताडून पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण रशियन कलावंत एल लिसित्स्की यांचे. दोन चौकोनांची कहाणी सांगणारे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९२२ साली बर्लिन येथे प्रसिद्ध झाले. एक लाल आणि एक काळा चौकोन दुरून पृथ्वीकडे येतात, तेथील अंदाधुंदी पाहतात, आघात होतो, सारे विखुरते आणि नवी रचना उभी राहते. येथे आकार अमूर्त असले तरी कथा पूर्णपणे शाबूत आहे. तिला क्रांतीचा स्पष्ट संदर्भ आहे आणि पानोपानी अक्षरांचा आधारही आहे.

दुसरे उदाहरण वासिली कांडिन्स्की यांच्या १९३७ सालच्या 'तीस' या चित्राचे. आज ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आलटून पालटून काळ्या-पांढऱ्या तीस चौकोनांत वेगवेगळे आकार मांडलेले आहेत. वरवर पाहता हे कॉमिक्सचे पृष्ठच वाटते. मात्र कोणत्या चौकोनाकडून कोणत्या चौकोनाकडे जायचे, हे चित्र सांगत नाही. प्रत्येक आकार आपापल्या घरात स्वतंत्र आहे. संपूर्ण पट एकाच वेळी पाहावा अशी त्याची मागणी आहे.

तिसरे उदाहरण हान्स रिश्टर आणि व्हायकिंग एगेलिंग यांचे. एका आकाराचे क्रमाक्रमाने होणारे रूपांतर दाखवण्यासाठी या दोघांनी १९१९ च्या सुमारास लांबट कागदी पट्ट्यांवर चित्रे काढली. त्यानंतर ते चित्रपटाकडे वळले. रिश्टर यांचा १९२१ चा 'रिदमस २१' आणि एगेलिंग यांचा १९२४ चा कर्णरेषांचा चित्रपट हे त्याचे फलित. कागदावरील क्रम त्यांना अपुरा वाटला आणि त्यांनी प्रत्यक्ष गतीचा आश्रय घेतला. अमूर्त कॉमिक्सने जणू नेमका हा सोडून दिलेला टप्पा पुन्हा हाती घेतला. आकार हलत नाहीत, वाचकाची दृष्टी हलते. गती यंत्राच्या हाती न राहता पाहणाऱ्याच्या हाती येते. तो थांबू शकतो, मागे वळू शकतो, पान उलटण्यास विलंब लावू शकतो.

अदलाबदलीची कसोटी

वरील तीन उदाहरणांवरून एक साधी कसोटी मांडता येते. चौकटींचा क्रम बदलला असता कृतीचे नुकसान होते काय? होत असेल तर क्रम हा त्या कृतीचा घटक आहे. होत नसेल तर ती शेजारी शेजारी मांडलेल्या चित्रांची मालिका आहे. मालिका म्हणून तिचे मूल्य कितीही मोठे असू शकेल, कॉमिक्स म्हणून तिचा विचार करण्याचे कारण उरत नाही. कांडिन्स्की यांचे चित्र श्रेष्ठ आहे, परंतु ते या कसोटीला उतरत नाही आणि उतरण्याची त्याला गरजही नाही. अर्थात त्यातील चौकोन हलवल्यास चित्राचा तोल बदलेल. तो पटाचा तोल होय, वाचनक्रमाचा नव्हे.

कथा नसताना क्रम अर्थपूर्ण कसा होतो, हे समजण्यासाठी उदाहरणादाखल एक पृष्ठ कल्पू. नऊ समान चौकटी आहेत. पहिल्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीत तो वाढत वाढत उजवीकडे सरकतो. पाचवी, म्हणजे पृष्ठाच्या बरोबर मधली चौकट संपूर्ण रिकामी आहे. सहाव्या चौकटीत जवळजवळ सारे अवकाश काळे असून एक बारीक पांढरी फट तेवढी शिल्लक आहे. सातव्या चौकटीपासून ती फट रुंदावत जाते आणि नवव्या चौकटीत काळ्या अवकाशाच्या डाव्या कोपऱ्यात पांढरा ठिपका उरतो. येथे कोणालाही काहीही 'झालेले' नाही. तरीही अपेक्षा निर्माण झाली, ती अडवली गेली, उलटली आणि एका वेगळ्या पातळीवर पूर्ण झाली. रिकामी चौकट दुसऱ्या क्रमांकावर नेली तर ती केवळ रिकामी जागा ठरेल. पाचव्या क्रमांकावर ती विराम आहे.

या अनुभवाचे वर्णन करण्यासाठी मराठी समीक्षेत एक परिचित परिभाषा उपलब्ध आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्यविचाराच्या केंद्रस्थानी लयतत्त्व ठेवले आणि संवाद, विरोध व समतोल हे लयीचे तीन नियम सांगितले. वरील पृष्ठात पहिल्या चार चौकटींचे परस्परांशी असलेले नाते संवादाचे आहे, पाचवी-सहावी विरोधाची आणि पहिल्या व नवव्या चौकटींतील नाते समतोलाचे. कलाकृतीतील घटकांच्या संबंधांत सौंदर्य शोधणारी ही दृष्टी अमूर्त कॉमिक्सला विशेष अनुरूप आहे. तथापि तिची एक मर्यादा येथे जाणवते. संवाद, विरोध आणि समतोल हे संबंध दिशानिरपेक्ष असू शकतात. पट उलटा वाचला तरी ते टिकतील. कॉमिक्समध्ये मात्र 'आधी' आणि 'नंतर' यांना महत्त्व आहे. ठिपका वाढणे आणि ठिपका आक्रसणे हे वाचकासाठी दोन भिन्न अनुभव आहेत. म्हणून लयीच्या विचाराला दिशेच्या विचाराची जोड द्यावी लागते.

ख्यालगायनातील आलापीचे साम्य येथे उपयोगी पडते. आलापीत शब्दार्थ गौण असतो, तरी स्वरांची बढत कोणत्याही क्रमाने चालत नाही. मात्र साम्याप्रमाणे भेदही महत्त्वाचा आहे. गायनात उच्चारलेला स्वर विरून जातो आणि स्मरणातच उरतो. कॉमिक्सच्या पृष्ठावर आधीची चौकट डोळ्यांसमोर कायम असते, पुढची चौकटही नजरेच्या टप्प्यात आलेली असते. क्रम आणि एकसमयता यांचे हे सहअस्तित्व या माध्यमाचे खास लक्षण आहे. मोलोट्यू यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यासाठी दोन संज्ञा योजल्या. वाचकाच्या दृष्टीला एका चौकटीकडून दुसऱ्या चौकटीकडे ढकलणारी दृश्यऊर्जा ही 'अनुक्रम-गतिमानता'. संपूर्ण पृष्ठ एकाच रचनेच्या रूपात दिसणे यासाठी त्यांनी पूर्वेकडील ख्रिस्ती चर्चमधील संतचित्रांच्या भिंतीचे नाव उसने घेतले. या दोन शक्तींचा ताण हीच अमूर्त कॉमिक्सची खरी 'घटना' होय. गतिमानता नसेल तर पृष्ठाचे भित्तिचित्र होते. पृष्ठाची एकसंधता नसेल तर चित्रपटाच्या सुट्या चौकटी तेवढ्या उरतात.

कथा मागल्या दाराने

या प्रकारासमोरील सर्वांत गंभीर आक्षेप असा की, मनुष्याचे मन कथेविना राहू शकत नाही. अमूर्त आकारांनाही ते पात्रे बनवते. फ्रिट्झ हायडर आणि मेरिअन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात आठवतो. दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका आयताच्या आत-बाहेर हालचाल करतात, असा छोटासा चित्रपट त्यांनी विद्यार्थिनींना दाखवला. जे दिसले ते लिहिण्यास सांगितलेल्या पहिल्या गटातील ३४ जणींपैकी केवळ एकीने आकारांचे निव्वळ भौमितिक वर्णन केले. इतरांना त्यांत सजीवांच्या हालचाली दिसल्या, अनेकींना भांडणे, पाठलाग आणि सुटका दिसली.

लेविस ट्रॉन्डहाइम यांच्या दोन कृती या आक्षेपाच्या प्रकाशात पाहण्यासारख्या आहेत. दोन्ही फ्रान्समधील 'लासोसिआसिओं' या कलावंतांनीच १९९० साली स्थापलेल्या प्रकाशनसंस्थेने काढल्या. २००३ सालच्या 'ब्लू'मध्ये निळ्या पार्श्वभूमीवर रंगीत, अमीबासारखे आकार एकमेकांच्या सान्निध्यात येतात आणि बदलत जातात. शब्द नाहीत, चेहरे नाहीत. तरी हे आकार एकमेकांशी वागत आहेत असे वाटल्याविना राहत नाही. कसोटीच्या भाषेत येथे क्रम अनिवार्य आहे, मात्र त्याची अनिवार्यता अंशतः दडलेल्या पात्रांकडून आलेली आहे. २००६ सालची दुसरी कृती अधिक मिस्कील आहे. साध्या काळ्या-पांढऱ्या आकारांना शीर्षक दिले आहे 'नवी अश्लीलता'. त्या एका शीर्षकामुळे निरुपद्रवी वर्तुळे आणि पट्टे वाचकाच्या मनात भलतेच रूप घेतात. विनोद उत्तम साधला आहे आणि अमूर्ततेविषयीचे एक सत्यही उघड झाले आहे, ते म्हणजे एक शब्द संपूर्ण पुस्तकाचे वाचन ठरवू शकतो. परंतु शीर्षक झाकले असता कृतीचा मोठा भाग नाहीसा होतो. म्हणूनच तिला अमूर्त कॉमिक्सवरचे मार्मिक भाष्य म्हणणे अधिक योग्य.

मग हा आक्षेप निर्णायक मानावा काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. हायडर-सिमेल यांचे आकार एखाद्या कर्त्याप्रमाणे स्वतंत्रपणे फिरत होते. त्यांची बाह्यरेषा अभंग होती आणि पार्श्वभूमीपासून ते अलग होते. जेथे आकार आणि पार्श्वभूमी यांचाच भेद अस्थिर केला जातो, एक पोत संपूर्ण पृष्ठभर पसरतो किंवा चौकटीची रेषाच आशयाचा भाग होते, तेथे पात्र कल्पिण्यास जागा राहत नाही. आपल्या कल्पित पृष्ठाच्या सहाव्या चौकटीत नेमके हेच घडते. ठिपका अवकाश बनतो आणि ज्याला आपण 'तो' म्हणत होतो, तो कोठेच राहत नाही. अमूर्त कॉमिक्स रचणाऱ्यापुढील खरे आव्हान हे आहे की, अनुक्रमाची ओढ टिकवायची आणि ती कोणत्याही नायकाच्या खांद्यावर ठेवायची नाही.

स्कॉट मॅक्लाउड यांच्या १९९३ सालच्या प्रसिद्ध विवेचनाची मर्यादाही येथे स्पष्ट होते. त्यांनी कॉमिक्सची व्याख्या हेतुपूर्वक क्रमाने शेजारी मांडलेल्या प्रतिमा अशी केली. या व्याख्येत कथेची अट नाही. परंतु दोन चौकटींमधील संक्रमणांचे जे सहा प्रकार त्यांनी सांगितले, त्यांतील पहिले पाच क्षण, कृती, विषय, दृश्य आणि पैलू यांवर आधारलेले आहेत. म्हणजेच चित्रित करण्याजोगे 'काहीतरी' त्यांनी गृहीत धरले आहे. सहावा प्रकार असंबद्धतेचा. अमूर्त कॉमिक्समधील चौकटी असंबद्ध नसतात, त्यांचा संबंध वेगळ्या जातीचा असतो. एक सातवा, रूपात्म संक्रमणाचा प्रकार मानल्याविना ही यादी पूर्ण होत नाही.

निर्मिती आणि देवाणघेवाण

या कलाप्रकाराचा विचार त्याच्या प्रसाराच्या रीतींपासून अलग करता येत नाही. अमूर्त चित्र सामान्यतः कलादालनात एकमेव वस्तू म्हणून वावरते. अमूर्त कॉमिक्स मात्र प्रत म्हणूनच जन्माला येते. अमेरिकेतील छोट्या, स्वयंप्रकाशित कॉमिक्सची परंपरा येथे महत्त्वाची ठरली. एका कागदाला दोनदा घडी घालून कापले की आठ पानांची पुस्तिका होते. झेरॉक्स यंत्रावर तिच्या प्रती काढाव्यात, टपालाने एकमेकांना पाठवाव्यात, छोट्या प्रकाशकांच्या मेळाव्यांत अदलाबदल करावी, अशी ही व्यवस्था होती. विक्रीची अपेक्षाच नसल्यामुळे कथेची सक्तीही सुटली. मुद्रणाचे दोष, काळ्या रंगाचा खरबरीतपणा, प्रतीची प्रत काढताना होणारी झीज यांनाही रचनेत स्थान मिळू शकले. फ्रान्समध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या 'ऊबापो' या गटाने स्वेच्छेने स्वीकारलेल्या नियमांच्या आधारे कॉमिक्स रचण्याचे प्रयोग केले. ट्रॉन्डहाइम आणि ग्रोन्स्टीन हे दोघेही या गटाशी संबंधित होते. निर्मिती आणि मीमांसा यांचे हे सान्निध्य योगायोगाचे नाही.

संवादाचे फुगे नसल्याने या कृती भाषांची सीमा सहज ओलांडतात, असे म्हटले जाते. ते अंशतःच खरे आहे. युइची योकोयामा यांच्या 'ट्रॅव्हल' या २००६ सालच्या निःशब्द कृतीत आगगाडीचा प्रवास जवळजवळ शुद्ध रेषांच्या आणि प्रकाशाच्या आघातांत विरघळतो. ती पूर्णतः अमूर्त नाही, परंतु अमूर्ततेच्या सीमेवर उभी आहे. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते. क्रम हाच आशय असलेल्या कृतीत वाचनाची दिशा बदलणे म्हणजे जवळजवळ भाषांतर चुकवण्यासारखे आहे. भाषा गेली तरी लिपीची सवय उरते.

समारोप आणि निष्कर्ष

अमूर्त कॉमिक्सचा वाचकवर्ग लहान आहे आणि बहुधा लहानच राहील. या प्रकारात सामान्य कृतींचे प्रमाणही मोठे आहे. चौकटी आखून त्यांत सुशोभित आकार भरणे सोपे असते. तरीही त्याचा अभ्यास आवश्यक आहे, कारण येथे सिद्ध झालेली गोष्ट कथात्म कॉमिक्सलाही लागू पडते. मोलोट्यू यांनी आपल्या संज्ञांचा वापर स्टीव्ह डिट्को यांच्या 'स्पायडर-मॅन'च्या पृष्ठांवर करून दाखवला, हे त्याचे उत्तम प्रमाण आहे. नायक भिंतीवरून झेपावतो तेव्हा आपल्याला खिळवून ठेवण्यात पृष्ठावरील तिरक्या रेषा आणि मोकळ्या जागा यांचाही मोठा वाटा असतो. कथा त्यावर स्वार झालेली असते. हे एकदा ध्यानात आले की आपल्या लहानपणीच्या चित्रकथाही नव्याने पाहता येतात.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१. अमूर्त कॉमिक्स आणि विसंगत मूर्त प्रतिमांची कथाहीन कॉमिक्स यांत भेद करणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

२. चौकटींची अदलाबदल ही या प्रकाराची व्यवहार्य कसोटी आहे. तिच्यामुळे क्रमनिष्ठ कृती आणि चित्रमालिका यांत फरक करता येतो.

३. मर्ढेकरप्रणीत लयतत्त्व या कृतींच्या विश्लेषणास उपयुक्त आहे, मात्र त्याला दिशेच्या विचाराची जोड द्यावी लागते.

४. आकारांना पात्रे बनवण्याची मनाची प्रवृत्ती प्रबळ आहे. आकार आणि पार्श्वभूमी यांतील भेद अस्थिर करणाऱ्या रचना तिच्यावर मात करू शकतात.

५. कथेच्या अनुपस्थितीत उरते ती अनुक्रमाची ओढ. कॉमिक्स या माध्यमाचा गाभा तीच आहे. म्हणून कॉमिक्सचे अध्यापन कथाविश्लेषणापुरते मर्यादित न ठेवता पृष्ठरचनेच्या विश्लेषणापासून सुरू करणे इष्ट होय.